जाहिरातदाराच्या हातून कार्यक्रम काढून घेणारा माणूस

मालिका ऐन रंगात येते, मध्येच थांबते, पाच-सहा कंपन्यांच्या जाहिराती भराभर येऊन जातात आणि मालिका पुन्हा सुरू होते. साबणवाल्याचा, विमावाल्याचा किंवा मसालेवाल्याचा त्या मालिकेच्या कथेशी काही संबंध नसतो. आपल्याला याची इतकी सवय झाली आहे की दुसरी एखादी पद्धत असू शकेल हे मनातही येत नाही. अमेरिकेत टीव्ही सुरू झाला तेव्हा मात्र पद्धत अगदी उलटी होती. कार्यक्रमच जाहिरातदाराच्या मालकीचा असे. ही रीत मोडण्यात ज्याचा सर्वांत मोठा वाटा, तो माणूस म्हणजे सिल्व्हेस्टर वीव्हर. सगळे त्याला पॅट म्हणत. सिगोर्नी वीव्हर या अभिनेत्रीचे वडील म्हणून काहींना तो माहीत असेल. एनबीसी या नेटवर्कमध्ये तो होता १९४९ ते १९५६, म्हणजे जेमतेम सात वर्षं. तेवढ्यात त्याने सुरू केलेले ‘टुडे’ आणि ‘टुनाइट’ हे दोन कार्यक्रम आजही चालू आहेत. पण त्याचं खरं मोठेपण मला दिसतं ते एका व्यवहारात. टीव्हीवरची वेळ कोणत्या मापाने विकायची, ते माप त्याने बदललं. माप बदलल्यावर सत्ताही बदलली.

आधी नेटवर्क म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत टीव्ही सरकारी नव्हता. गावोगावी खासगी केंद्रं होती. त्यांना दिवसभर पुरेल इतके कार्यक्रम स्वतः करणं परवडत नसे. मग न्यूयॉर्कमधली एखादी मोठी कंपनी कार्यक्रम पुरवायची, तारेवरून ते केंद्रांपर्यंत पोचवायची आणि मिळालेल्या जाहिरातींच्या पैशातला वाटा केंद्रांना द्यायची. एनबीसी आणि सीबीएस ही त्यातली दोन बडी नेटवर्क. एबीसी आणि ड्यूमाँट ही त्यामानाने लहान. पूर्व आणि पश्चिम किनारा थेट प्रक्षेपणासाठी जोडला गेला तो १९५१च्या सप्टेंबरात. तोवर पश्चिमेकडचा भाग न्यूयॉर्कचे कार्यक्रम थेट पाहूच शकत नव्हता.

मग नेटवर्क कार्यक्रम बनवायचं का? बहुतेक वेळा नाही. रेडिओच्या काळापासून रीत अशी की नेटवर्कने फक्त वेळ विकायची. मंगळवारी रात्री आठ ते नऊ ही वेळ एखाद्या कंपनीने घेतली की तो तास तिचा. कंपनीची जाहिरात संस्था लेखक ठरवणार, नट ठरवणार, संहिता वाचणार, नको ते शब्द खोडणार आणि तयार कार्यक्रम नेटवर्कच्या हाती देणार. कंपनीचं नाव कार्यक्रमाच्या नावातच असे. मिल्टन बर्लच्या गाजलेल्या विनोदी कार्यक्रमाचं नाव होतं ‘टेक्साको स्टार थिएटर’, आणि त्याची सुरुवात पेट्रोल पंपावरच्या गणवेशातले चार जण गाणं म्हणत करायचे. एनबीसीच्या रात्रीच्या बातम्यांचं नाव होतं ‘कॅमल न्यूज कॅरव्हॅन’. कॅमल म्हणजे सिगारेट. त्या बातम्यांत ‘धूम्रपान मनाई’ची पाटी दिसता कामा नये असा दंडक होता. सिगार ओढणारा माणूसही दाखवायचा नाही, चर्चिल एवढा अपवाद. पंतप्रधानाला कापून टाकणं शक्य नव्हतं.

हा प्रकार किती टोकाला जाऊ शकतो याचं एक उदाहरण पुढच्या काळातलं, सीबीएसवरचं आहे. १९५९ मध्ये नाझींवर चाललेल्या न्यूरेंबर्ग खटल्यावरचं एक नाटक थेट प्रक्षेपित झालं. प्रायोजकांत गॅस उद्योगाची संघटना होती. नाझींच्या छळछावण्यांतल्या ‘गॅस चेंबर’चा उल्लेख आला की ‘गॅस’ हा शब्द ऐकू येणार नाही अशी सोय करण्यात आली. नटाचे ओठ हलत होते, आवाज गायब. लाखो माणसं ज्याने मारली त्याचं नाव घ्यायचं नाही, कारण घरातल्या शेगडीचा खप कमी होईल. मला आजही हे वाचताना चीड येते.

आपल्याकडच्या वाचकाला या व्यवस्थेचा थोडा अंदाज दूरदर्शनवरून येईल. १९८४ साली ‘हम लोग’ सुरू झाली तेव्हा तिच्यामागे एकच प्रायोजक कंपनी होती. पण आपल्याकडे मधे सरकार होतं. अमेरिकेत मधे कोणीच नव्हतं.

वीव्हरला ही व्यवस्था आतून माहीत होती, आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे. १९०८ साली लॉस एंजेलिसला जन्म, डार्टमथ कॉलेजात शिक्षण, मग कॅलिफोर्नियात रेडिओवर काम. तिथून तो न्यूयॉर्कला यंग अँड रुबिकम या जाहिरात संस्थेत गेला. फ्रेड ॲलन या विनोदवीराचा रेडिओ कार्यक्रम त्याने तिथे सांभाळला. १९३८ मध्ये तो लकी स्ट्राइक सिगारेट बनवणाऱ्या अमेरिकन टोबॅको कंपनीत जाहिरात व्यवस्थापक झाला. तिथला प्रमुख जॉर्ज वॉशिंग्टन हिल. कार्यक्रमातलं गाणं कोणत्या लयीत वाजावं यातही लक्ष घालणारा, सगळ्यांना धाकात ठेवणारा मालक. म्हणजे प्रायोजकाच्या खुर्चीत बसून कार्यक्रम कसा मुठीत ठेवता येतो, हे वीव्हरने जवळून पाहिलं होतं. युद्धकाळात नौदलात नोकरी झाली, युद्धानंतर पुन्हा जाहिरात संस्था, आणि १९४९ मध्ये एनबीसीने त्याला टीव्ही विभागाचा उपाध्यक्ष म्हणून बोलावलं.

एनबीसीला अशा माणसाची गरज का पडली? तर सीबीएसच्या विल्यम पेलीने नुकताच तिला मोठा दणका दिला होता. जॅक बेनीसारखे एनबीसीचे रेडिओवरचे मोठे कलाकार त्याने १९४८-४९ मध्ये उचलून नेले. युक्ती करसवलतीची होती. कलाकाराने स्वतःची कंपनी काढायची आणि सीबीएसने ती विकत घ्यायची, म्हणजे कलाकाराच्या पदरी पडलेल्या रकमेवर पगारापेक्षा खूप कमी कर बसे. एनबीसीचे सर्वेसर्वा डेव्हिड सार्नॉफ हे तंत्रज्ञानाचे माणूस. एनबीसीची मालक असलेली आरसीए कंपनी टीव्ही संच बनवायची आणि सार्नॉफ यांचा सगळा जीव त्या संचांत. कलाकार गेल्यावर कळलं की वेळ आपली असली तरी त्या वेळेत जे दिसतं त्यावर आपला काहीच हक्क नाही.

वीव्हरने उपाय काढला तो मासिकांवरून. आपल्याकडचा दिवाळी अंक डोळ्यांसमोर आणा. त्यात पतपेढीची जाहिरात असते, सराफाची असते, मसाल्याचीही असते. पण सराफ काही संपादकाला सांगत नाही की अमक्याची कथा घ्या आणि तमक्याची कविता वगळा. त्याने पान घेतलेलं असतं, अंक घेतलेला नसतो. वीव्हर म्हणाला, टीव्हीवरही असंच करू. कार्यक्रम नेटवर्क करेल, आणि त्यातली एक-एक मिनिटाची जागा वेगवेगळ्या जाहिरातदारांना विकेल.

हे ऐकायला आदर्शवादी वाटतं, पण त्यामागे रोख हिशेब होता. रेडिओवर एक तास भरायला काही नट, वाद्यवृंद आणि एक स्टुडिओ पुरे. टीव्हीला नेपथ्य हवं, दिवे हवेत, तीन-चार कॅमेरे हवेत, रंगभूषा-वेशभूषा हवी आणि तालमींना कित्येक दिवस हवेत. समजा एका भागाला एक लाख डॉलर लागतात. दर आठवड्याला एवढे पैसे ओतणाऱ्या कंपन्या देशात मोजक्याच. मग नेटवर्कने गिऱ्हाईक शोधायचं कुठे? पण तोच तास मिनिटा-मिनिटाने विकला, तर ज्याच्याकडे दहा-पंधरा हजार डॉलर आहेत तोही आत येऊ शकतो, आणि महिन्यातून एकदाच जाहिरात करायची असेल तर तेवढीच करू शकतो. गिऱ्हाइकं वाढली की कुणा एकाचा शब्द अखेरचा राहत नाही. एक रुसून गेला तर त्याची जागा दुसरा घेतो. वीव्हरच्या डोक्यातला सांस्कृतिक हेतू आणि नेटवर्कचा धंदा इथे एकाच बाजूला आले, म्हणून सार्नॉफ यांनी त्याला मोकळीक दिली.

मोठा प्रयोग झाला १९५०च्या फेब्रुवारीत, शनिवारी रात्री. ‘युअर शो ऑफ शोज’ या नावाचा दीड तासाचा कार्यक्रम, निर्माता मॅक्स लीबमन, पडद्यावर सिड सीझर आणि इमोजिन कोका. विनोदी प्रवेश, नृत्य, ऑपेरातलं गाणं, सगळं थेट. लेखकांच्या खोलीत तरुण मेल ब्रुक्स होता, पुढे नील सायमनही आला. जाहिराती अनेक कंपन्यांच्या.

दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो, कारण तो रिकाम्या जागेत झाला. सकाळी सात वाजता टीव्ही कोण बघेल? लोक दात घासतात, नाश्ता करतात, मुलांना शाळेत पाठवतात. त्या वेळी नेटवर्कचा पडदा रिकामा असायचा, त्यामुळे ती वेळ कुठल्याही प्रायोजकाच्या मालकीची नव्हती. वीव्हरच्या नेमकं हेच पथ्यावर पडलं. १४ जानेवारी १९५२, सोमवार, सकाळी सात. ‘टुडे’ सुरू झाला. सूत्रसंचालक डेव्ह गॅरोवे, चष्मा आणि बो-टायवाला, संथ बोलणारा. स्टुडिओ म्हणजे ४९व्या रस्त्यावरचं आरसीएचं प्रदर्शन दालन, ज्याला रस्त्याच्या बाजूने मोठी काच होती. ऑफिसला निघालेली माणसं काचेला नाक लावून आत बघायची आणि कॅमेरा त्यांनाही दाखवायचा. भिंतीवर जगातल्या शहरांची वेळ दाखवणारी घड्याळं, मागे तारयंत्रांची खडखड, टेलिफोन, त्या दिवशीच्या वर्तमानपत्रांची पहिली पानं. बातम्या, हवामान, गप्पा असे छोटे-छोटे तुकडे. माणूस दहा मिनिटं बघून उठला तरी त्याचं काही चुकू नये आणि पाठ करून उभा असला तरी ऐकू यावं, अशी त्याची बांधणी होती. घरातल्या माणसाच्या सकाळचा इतका बारकाईने विचार आधी कुठल्या नेटवर्कने केला नव्हता. आज कोणत्याही भाषेतला सकाळचा कार्यक्रम लावा, आराखडा हाच दिसेल.

सुरुवातीला मात्र समीक्षकांनी झोडपलं आणि जाहिरातदार फिरकेनात. कार्यक्रमाला हात दिला एका चिंपांझीने. १९५३च्या सुरुवातीला जे. फ्रेड मग्ज नावाचं चिंपांझीचं पिल्लू गॅरोवेच्या शेजारी बसू लागलं. मुलं त्याच्यासाठी टीव्ही लावू लागली, मुलांमागून आईवडील आले, त्यांच्यामागून जाहिरातदार. याच मग्जमुळे अटलांटिकपलीकडे मोठा गहजब झाला. जून १९५३ मध्ये इंग्लंडच्या राणीचा राज्याभिषेक झाला आणि अमेरिकेत त्या वार्तांकनाच्या अधूनमधून ‘टुडे’वर चिंपांझी आणि जाहिराती दिसल्या. ब्रिटनमध्ये तेव्हा खासगी टीव्ही आणावा की नाही यावर वाद चालू होता. विरोधकांच्या हाती आयतंच कोलीत आलं, संसदेतही मग्जचा दाखला दिला गेला. अखेर १९५४च्या कायद्याने ब्रिटनमध्ये खासगी टीव्ही आला, पण प्रायोजित कार्यक्रमांवर बंदी घालून. जाहिरात फक्त कार्यक्रमापासून वेगळ्या तुकड्यात दाखवायची. वीव्हर अमेरिकेत जे पटवून देण्यासाठी झगडत होता, ते ब्रिटनने कायद्यानेच करून टाकलं.

१९५३च्या अखेरीस वीव्हर एनबीसीचा अध्यक्ष झाला. मार्च १९५४ मध्ये गृहिणींसाठी ‘होम’, आर्लीन फ्रान्सिस सूत्रसंचालक. २७ सप्टेंबर १९५४ ला रात्री उशिराचा ‘टुनाइट’, स्टीव्ह ॲलनसह. जून १९५५ मध्ये शनिवार-रविवार तासन्‌तास चालणारा रेडिओ कार्यक्रम ‘मॉनिटर’, जो पुढे जवळजवळ वीस वर्षं टिकला. दिवसाचे रिकामे कोपरे त्याने असे एकेक करून भरले. ऑफिसात तो गोल रुळावर ठेवलेल्या फळीवर उभा राहून तोल सांभाळत लांबलचक टिपणं सांगायचा. त्या टिपणांत एक योजना होती, जिला त्याने ‘ऑपरेशन फ्रंटल लोब्ज’ म्हटलं होतं. फ्रंटल लोब्ज म्हणजे मेंदूचा विचार करणारा पुढचा भाग. करमणुकीच्या प्रत्येक कार्यक्रमात थोडंसं असं काही गुंफायचं की प्रेक्षकाच्या ज्ञानात भर पडेल. विनोदी कार्यक्रम बघायला बसलेल्या माणसाला पाच मिनिटं ऑपेरा ऐकवायचा. सामान्य माणसाला चांगलं ते कळतं, फक्त ते त्याच्यापर्यंत पोचवायला हवं, यावर त्याचा मनापासून विश्वास होता.

याच विश्वासातून ‘स्पेक्टॅक्युलर’ आले. साधारण चार आठवड्यांतून एकदा नेहमीचे कार्यक्रम बाजूला ठेवून दीड तासाचा भव्य प्रयोग करायचा, तोही रंगीत. यातही सार्नॉफ यांचा हिशेब होताच. आरसीएचा पहिला रंगीत संच १९५४ मध्ये बाजारात आला तो सुमारे हजार डॉलरला. रंगीत काही दाखवलंच नाही तर एवढे पैसे मोजणार कोण? पहिलाच प्रयोग, बेटी हटनचा संगीतप्रधान कार्यक्रम, सपशेल पडला. पण ७ मार्च १९५५ ला फ्रेड को या निर्मात्याच्या मालिकेत मेरी मार्टिनचं ‘पीटर पॅन’ हे संगीत नाटक ब्रॉडवेवरून, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरून, जवळपास जसंच्या तसं स्टुडिओत आणलं गेलं. साडेसहा कोटी लोकांनी ते पाहिलं असा अंदाज आहे. देशाची लोकसंख्या तेव्हा साधारण साडेसोळा कोटी. बहुतेकांच्या घरी संच कृष्णधवल होता. व्हिडिओ टेप अजून आली नव्हती, म्हणून पुढच्या जानेवारीत मागणीखातर सगळं नेपथ्य पुन्हा उभं करून पुन्हा थेट प्रयोग करावा लागला. त्याआधी, १९५५च्या डिसेंबरात, लंडनच्या सॅडलर्स वेल्स कंपनीचा बॅले झाला, मार्गो फाँटेन नाचली. कोट्यवधी लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बॅले पाहिला तो त्या रात्री. हे आकडे वाचले की सामान्य प्रेक्षकाला हलकंच लागतं असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

मात्र वीव्हरच्या याच काळातला एक निर्णय अवघड प्रश्न उभा करतो. फायरस्टोन ही टायर कंपनी रेडिओच्या दिवसांपासून सोमवारी रात्री साडेआठला अभिजात संगीताचा कार्यक्रम करत असे. प्रेक्षक थोडे, पण कंपनीला तो अभिमानाचा विषय होता. वीव्हरला सोमवारची रात्र सलग हवी होती, सिड सीझरचा तास आणि ते भव्य प्रयोग बसवण्यासाठी. मधेच कमी प्रेक्षकांचा अर्धा तास आला की लोक दुसरं नेटवर्क लावतात आणि परत येत नाहीत. एनबीसीने वेळ बदलायला सांगितलं, फायरस्टोनने नकार दिला आणि १९५४ मध्ये कार्यक्रम एबीसीकडे गेला. लोकांना ऑपेरा ऐकवू पाहणाऱ्या माणसाच्या हातून ऑपेरा गायकांचाच कार्यक्रम गेला. मला वाटतं त्याचं तर्कशास्त्र बरोबर होतं: रात्रीचा क्रम एका हाती असल्याशिवाय मोठं काही उभं राहत नाही. पण प्रेक्षकसंख्या बघून कार्यक्रम हलवण्याचा अधिकार एकदा नेटवर्ककडे आला की तो उद्या कुणाच्या हाती जाईल, याला काही धरबंध नव्हता.

आणि तो लवकरच दुसऱ्यांच्या हाती गेला. भव्य प्रयोगांचा खर्च अफाट. तिकडे सीबीएस दर आठवड्याला त्याच वेळी येणाऱ्या, सवयीने पाहिल्या जाणाऱ्या मालिकांवर पुढे निघून गेली होती, आणि जून १९५५ पासून तिच्याकडे ६४,००० डॉलरच्या बक्षिसाचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रमही होता. डिसेंबर १९५५ मध्ये डेव्हिड सार्नॉफ यांनी आपला मुलगा रॉबर्ट याला अध्यक्ष केलं आणि वीव्हरला चेअरमनपद देऊन बाजूला बसवलं. सप्टेंबर १९५६ मध्ये तो बाहेर पडला. एनबीसीत चित्रपट कंपन्यांनी फिल्मवर काढलेल्या, पुन्हा-पुन्हा दाखवता येणाऱ्या मालिकांचे दिवस आले.

त्याची जाहिरातीची पद्धत मात्र जिंकली, आणि ती एका घोटाळ्यामुळे. सीबीएस आणि एनबीसीवरच्या अशा प्रश्नमंजुषांत स्पर्धकांना उत्तरं आधीच पुरवली जात होती, हे १९५८-५९ मध्ये उघडकीला आलं. अमेरिकी काँग्रेससमोरच्या साक्षींतून कळलं की कोणता स्पर्धक टिकावा आणि कोणता गळावा, यात प्रायोजक कंपनीची माणसं बैठकांत मत देत असत. यातला सर्वांत लोकप्रिय विजेता, कोलंबिया विद्यापीठातला प्राध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन, याला एनबीसीने याच लोकप्रियतेमुळे ‘टुडे’वर नोकरी दिली होती. नोव्हेंबर १९५९ मध्ये त्याने कबुली दिल्यावर ती गेली. लोकांचा संताप बघून नेटवर्कनी जाहीर केलं की यापुढे कार्यक्रमांची जबाबदारी आमची. १९६०च्या दशकात मिनिटांनी वेळ विकणं हीच सर्वमान्य रीत झाली. नेटवर्कच्या हाती आलेली ही सत्ता ऑपेरा-बॅलेसाठी फारशी वापरली गेली नाही. पण म्हणून जुनी व्यवस्था बरी होती असं मला वाटत नाही. ‘गॅस’ हा शब्द पुसण्याइतकी ताकद एका गिऱ्हाइकाकडे राहिली नाही, ही मोठी गोष्ट आहे.

वीव्हर पुढचं पाऊल टाकून बघत होता. जाहिरातदार मुळातच काढून टाकला आणि प्रेक्षकाने थेट पैसे मोजले तर? १९६३ मध्ये तो सबस्क्रिप्शन टेलिव्हिजन या कंपनीचा प्रमुख झाला. जुलै १९६४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये तारेवरून सेवा सुरू झाली, पहिल्या दिवशी डॉजर्स संघाचा बेसबॉल सामना होता. जेवढं बघाल तेवढ्याचं बिल. चित्रपटगृहांचे मालक हादरले. फुकट टीव्ही वाचवा म्हणून त्यांनी मोठी मोहीम चालवली, आणि नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी जनमताने घरगुती पैसे-भरून-टीव्हीवर बंदीच घातली. वीव्हर कोर्टात गेला. १९६६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या विरोधात ठरवून रद्द केली. तोवर कंपनी बुडाली होती. १९७२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी गावात एचबीओ सुरू झालं, तेव्हा जाहिरातीशिवाय, वर्गणीवर चालणारा टीव्ही अमेरिकेत रुजू लागला. वीव्हर तेव्हा चौसष्टीला आला होता. तो गेला २००२च्या मार्चमध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी, आणि तोवर अमेरिकेतल्या कोट्यवधी घरांत महिन्याचं केबलचं बिल येत होतं.